सक्रियता कुणासाठी, संयम कुणासाठी?

न्यायालयीन सक्रियतेवर आपल्याकडे जे लिहिले जाते, त्यात दोन पक्ष ठरलेले असतात. एकाला न्यायालय हा दुर्बलांचा शेवटचा आधार वाटतो, तर दुसऱ्याला संसद आणि सरकारच्या अधिकारातली घुसखोरी दिसते. शहाद्यात राहून सातपुड्याशी संबंध असलेले निकाल एकापुढे एक ठेवून वाचले, तेव्हा मला ही मांडणीच अपुरी वाटली.

मुळात आपल्या संविधानात काटेकोर सत्ताविभाजन नाही. ते स्पष्ट शब्दांत घालावे ही के. टी. शहा यांची सूचना संविधान सभेने १९४८ मध्ये फेटाळली. अनुच्छेद ५० मध्ये न्यायसंस्था कार्यकारी यंत्रणेपासून वेगळी ठेवण्याचे मार्गदर्शक तत्त्व तेवढे आले. त्यामुळे सीमारेषा कुठे आखायची, हे बऱ्याच अंशी न्यायालयाच्याच हाती राहिले.

सरदार सरोवराने महाराष्ट्रात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. त्यांतील अनेक कुटुंबे तळोदा-शहादा तालुक्यांतील वसाहतींत आली. नर्मदा बचाव आंदोलनाच्या १९९४ च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये धरणाची उंची वाढवणे थांबवले. ही सक्रियताच होती. पण १८ ऑक्टोबर २००० रोजी बहुमताच्या निकालाने, धरण बांधणे हा धोरणाचा प्रश्न आहे, त्यात न्यायालयाने पडू नये, अशी भूमिका घेतली. पुनर्वसन उंचीच्या बरोबरीने व्हावे, ही अट घातली खरी. मात्र तिची तपासणी प्रकल्पाशी बांधलेल्या यंत्रणेकडेच सोपवली.

न्या. भरुचा यांचे भिन्नमत म्हणूनच पुन्हा वाचण्याजोगे आहे. १९८७ ची पर्यावरणीय मंजुरी आवश्यक अभ्यास पूर्ण नसताना दिली गेली, हा त्यांचा मुद्दा. तज्ज्ञांकडून तपासणी होऊन मंजुरी मिळेपर्यंत काम थांबवा, असे ते म्हणाले. धरण असावे की नसावे, हे त्यांनी ठरवले नाही. सरकारने ठरलेली कार्यपद्धती पाळावी, एवढेच मागितले. माझ्या मते सत्ताविभाजनाशी खरे इमान या भिन्नमतात आहे.

वनजमिनीबाबत मात्र न्यायालयाचा संयम दिसत नाही. गोदावर्मन प्रकरणात १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशाने ‘वन’ या शब्दाचा कोशातला अर्थ देशभर लागू केला आणि पुढे वर्षानुवर्षे आदेशांमागून आदेश देत वनप्रशासनावर देखरेख ठेवली. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी तर वनहक्क दावे फेटाळले गेलेल्यांना हटवण्याचा आदेश अनेक राज्यांना दिला गेला. दावा फेटाळला गेला म्हणजे तो रीतसर तपासला गेला, असे होत नाही. २००६ चा कायदा संसदेचाच, आणि त्यात दाव्याची पहिली छाननी ग्रामसभेकडे आहे. ती प्रक्रिया कशी पार पडली, हे न्यायालयाने विचारले ते २८ फेब्रुवारीला, आदेश स्थगित करताना.

धरणाच्या बाबतीत संयम आणि जंगलाच्या बाबतीत सक्रियता; दोन्ही वेळा विस्थापनाची टांगती तलवार मात्र आदिवासींवरच. म्हणून न्यायालय किती पुढे गेले, एवढ्यावरून निकाल जोखू नये. सरकारने आपलाच कायदा पाळला का, आणि ज्यांचे घर जाणार आहे त्यांचे ऐकले गेले का, हे न्यायालयाने तपासले की नाही, ते पाहावे. ही तपासणी म्हणजे अतिक्रमण नव्हे. न्यायालयाचे ते मूळ काम आहे.