पाऊण तासाचा हिशेब

नाटक किती लांब असावं, याबद्दल आम्हा वैदर्भीयांची मतं फार ठाम आहेत. झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या भंडारा-गोंदिया-चंद्रपूर-गडचिरोलीकडे, धान निघालं की वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव निघतात आणि त्यांचा प्रयोग रात्री सुरू होऊन उजाडेपर्यंत चालतो. पहाटे घोंगडी झटकून उठणाऱ्या प्रेक्षकाच्या चेहऱ्यावर पै न् पै वसूल झाल्याचं समाधान असतं. अशा मुलखात एखाद्याला "चला, पाऊण तासाचं नाटक पाहू" म्हणणं म्हणजे जेवायला बोलावून हातावर बडीशेप ठेवण्यापैकी आहे. आमच्या शेजाऱ्यांना एकदा विचारून पाहिलं. ते म्हणाले, "पाऊणच तास? काहून बाप्पा, बाकीचं नाटक कुठं गेलं?" सौभाग्यवतींचा आक्षेप अधिक मूलभूत होता. "अहो, पाऊण तासासाठी साडीची घडी मोडायची?"

आता मी पडलो बी. कॉम. आमच्या अभ्यासक्रमात 'अंक' हा शब्द फक्त ताळेबंदात यायचा. तेव्हा नाट्यसमीक्षेचा माझा अधिकार शून्य. पण वीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसून एक गोष्ट मात्र कळली आहे, की कागदाच्या लांबी-रुंदीवर रक्कम ठरत नसते. कर्जाची फाइल दोन इंच जाड असते आणि वसुलीच्या नावानं शंख. उलट डिमांड ड्राफ्ट वीतभर असतो, पण एकदा वटला की सगळी रक्कम पदरात. मोठं नाटक हे हप्त्याहप्त्यानं फेडायचं कर्ज आहे. पहिल्या अंकात वायदा, मध्यंतरात बटाटेवडा, दुसऱ्या अंकात जमेल तशी परतफेड. एकांकिकेला मध्यंतर नाही, म्हणजेच मुदतवाढ नाही. पडदा उघडल्यापासून पाऊण तासात सगळं देणं चुकतं करायचं असतं.

हे देणं फेडणारी माणसं आमच्याच विदर्भातली आहेत, हे नागपूरकर सोयीस्करपणे विसरतो. महेश एलकुंचवार इथं कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. सिनेमाचं तिकीट मिळालं नाही म्हणून ते एका संध्याकाळी विजय तेंडुलकरांचं 'मी जिंकलो! मी हरलो!' पाहायला गेले, इतके भारावले की दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले आणि मग स्वतःच लिहायला लागले. (मराठी रंगभूमीवर सिनेमाच्या हाउसफुल्ल बोर्डाचे एवढे उपकार दुसरे नसतील.) त्यांची 'सुलतान' ही एकांकिका १९६७ साली 'सत्यकथे'त आली, विजया मेहतांच्या नजरेत भरली आणि मग त्यांच्या एकांकिका रंगमंचावर आल्या. त्यातली 'होळी' घ्या. सुटी नाकारली म्हणून भडकलेली वसतिगृहातली पोरं आपल्यातल्याच एकाला इतकं छळतात, की तो जीव देतो. गोष्ट संपली. पुढे पोलीस नाहीत, खटला नाही, प्राचार्यांचा पश्चात्ताप नाही. पुढे १९८४ मध्ये केतन मेहतांनी त्यावर चित्रपट केला, पण मूळ घाव पाऊण तासातच बसलेला होता.

दुसरे प्रेमानंद गज्वी. २०१९ साली नागपुरात ९९वं नाट्यसंमेलन भरलं, त्याचे हे अध्यक्ष. त्यांची सत्तरच्या दशकातली 'घोटभर पाणी' ही एकांकिका दलितांना नाकारलेल्या पाण्याबद्दल आहे. नावातच माप आलं बघा. हेच पाणी तीन अंकी करून टाकीभर केलं असतं तर तहान जास्त कळली असती, असं मला तरी वाटत नाही.

झालं हे जुनं. आज काय? आज एकांकिका जगते ती स्पर्धांवर. पुण्यात १९६३ पासून पुरुषोत्तम करंडक आहे. 'लोकसत्ता'ची लोकांकिका २०१४ पासून आहे आणि तिची एक विभागीय फेरी नागपुरात होते. वर्षभरात जिंकलेल्यांची आपसात कुस्ती लावणारी 'सवाई' २५ जानेवारीच्या रात्री मुंबईत रंगते. स्पर्धा आहेत म्हणून पोरं लिहितात, हे खरं. पण स्पर्धा आहे म्हणून काय लिहितात, तेही पाहिलं पाहिजे.

प्राथमिक फेरीला दिवसभर बसलं की दुपारपर्यंत फॉर्म्युला पाठ होतो. निळा प्रकाश म्हणजे आठवण. लाल म्हणजे अत्याचार. दहा पोरं ओळीनं उभी राहून हात हलवू लागली की नदी समजायची, हात वर केले की जंगल. शेवटच्या दोन मिनिटांत कळतं, की इतका वेळ बोलणारा माणूस मुळात मेलेलाच होता. एका दिवसात मी असे तीन मृत मोजले.

आणि मग येतो विदर्भाचा शेतकरी. विषय आमचा, दुःख आमचं, तेव्हा त्याची टिंगल मी करणार नाही. पण रंगमंचावरचा तो शेतकरी धोतराचा सोगा धरून आकाशाकडे पाहत कवितेत बोलतो. पीककर्जाच्या दिवसांत माझ्या खिडकीपुढे जे उभे असतात, ते आकाशाकडे पाहत नाहीत. ते सातबारा काढतात, पिशवीतून त्याची झेरॉक्स काढतात आणि "साहेब, पेन देता का जरा?" म्हणतात. एकदा एकानं सही करून झाल्यावर टोपण नीट लावून माझा पेन परत केला आणि विचारलं, "हे पैसे यायच्या आधी पेरणीची वेळ निघून तर नाही जाणार ना?" आवाज चढलेला नव्हता. मागे नऊ माणसं उभी होती म्हणून बिचारा लगेच बाजूला सरकला. सगळी एकांकिका इथं आहे हो, त्या लावलेल्या टोपणात. पण त्याला निळा प्रकाश पडत नाही आणि परीक्षकांचा रुमाल निघत नाही.

चांगली नवी एकांकिका ओळखायची माझी खूण हीच: ती काय दाखवत नाही, ते पाहावं. नाशिकच्या प्राजक्त देशमुखांची 'देवबाभळी' आधी एकांकिकाच होती. तुकोबांच्या आवलीच्या पायात काटा रुतलेला आणि तिची सेवा करायला लखुबाई बनून आलेली साक्षात रखुमाई. एवढ्या दोघीच. ज्या दोघांबद्दल मराठी माणूस शेकडो वर्षं बोलतो आहे, ते तुकाराम आणि विठ्ठल रंगमंचावर येतच नाहीत. दोघांची घरं चालवणाऱ्या बायका आपसात बोलतात आणि न आलेले दोघं आपल्याला अधिक स्पष्ट दिसतात. याला म्हणतात काटकसर! आमच्या हेड ऑफिसच्या परिपत्रकांतून वर्षानुवर्षं जी साधली नाही, ती.

२०१७ च्या अखेरीला 'देवबाभळी'चं दोन अंकी संगीत नाटक झालं आणि ते उत्तम झालं. पण तेव्हा लोक जे म्हणाले, ते मला खटकलं: "आता हिचं खरंखुरं नाटक झालं." म्हणजे आधी काय खोटं होतं? एकांकिका ही मोठ्या नाटकाची उमेदवारी, हा आपला लाडका समज आहे. कारकून दिसला की "ऑफिसर कधी होणार?" विचारायचं, त्यातला प्रकार. मी बढतीचा फॉर्म दोनदा भरला नाही. बढती म्हणजे बदली, हे एक कारण. पण समोरच्या माणसाचं काम त्याच्या डोळ्यांदेखत पुरं करून देण्यात एक सुख असतं, ते केबिनमध्ये मिळत नाही, हे दुसरं. एकांकिकेचं सुख तेच.

दुःख वेगळं आहे. बरी एकांकिका लिहिली जाते, प्राथमिक फेरीत एकदा होते, नशीब असेल तर अंतिम फेरीत दुसऱ्यांदा. प्रेक्षक म्हणजे पुढच्या नंबरची टीम, तीही स्वतःचे संवाद पुटपुटत असलेली, आणि दोन-चार आईवडील. निकाल लागतो, दारं-खिडक्या कोणाच्या तरी गच्चीवर जातात आणि लिहिणारा पोरगा नोकरीसाठी पुण्याला जातो. संहितेची एकुलती एक प्रत त्याच्या बॅगेत. वर्षभरानं ती एकांकिका फक्त गुणपत्रकात उरते. आमच्याकडे दहा वर्षं व्यवहार नसलेल्या खात्याचीसुद्धा रक्कम रिझर्व्ह बँक सांभाळून ठेवते, वारस आला की परत देते. या पोरांच्या खात्याला वारस कोण? तुम्ही-आम्हीच.

म्हणून एक सूचना. बक्षीस मिळालेल्या आणि न मिळालेल्याही तीन एकांकिका निवडून नागपुरात एका संध्याकाळी लावा, आणि तिकीट ठेवा. पन्नास रुपये का होईना, पण ठेवा. फुकट पाहिलेलं आम्ही फुकटातच काढतो. तीन एकांकिका म्हणजे सव्वादोन तास झाले, मध्ये दोनदा चहा. शेजाऱ्यांना मी हा हिशेब सांगितला आहे. ते येतो म्हणालेत. सौभाग्यवतींनी कपाटातून साडी काढून ठेवली आहे. घडी अजून मोडलेली नाही, कारण तारीख अजून कोणी जाहीर केलेली नाही.