सहा फूट तीन इंच: उंच वैमानिकाला कुठलं टेलव्हील विमान?

अलास्का आणि आयडाहोतल्या हौशी वैमानिकांमध्ये एक प्रश्न वर्षानुवर्षं फिरत असतो: "माझी उंची सहा फूट तीन इंच. डोंगरातल्या गवताच्या, दगडगोट्यांच्या पट्टीवर उतरेल आणि तीन-चार तास आरामात बसता येईल असं टेलव्हील विमान कुठलं घेऊ?" टेलव्हील म्हणजे पुढे दोन मोठी चाकं आणि शेपटीखाली एक लहान चाक. नाकाखाली चाक नसल्यामुळे प्रोपेलर जमिनीपासून उंच राहतो आणि खडबडीत जमिनीवर पुढचं नाजूक चाक मोडायची भीती नसते. म्हणून अशा कामाला हीच विमानं.

या प्रश्नाला उत्तरंही ठरलेली असतात. एक म्हणतो, "मी पण तेवढाच उंच आहे, मला सुपर कब चालतं, तुलाही चालेल." दुसरा केबिनची रुंदी सांगतो. तिसरा म्हणतो, "हँगरमध्ये जा आणि बसून बघ." तिन्ही उत्तरं चांगल्या मनाने दिलेली असतात. पण कॉकपिटची मापं आणि माणसाची मापं यांचा मेळ हाच माझ्या पीएचडीचा विषय असल्यामुळे मला तिन्ही अपुरी वाटतात. का, ते एकेक करून बघू.

उंची हा आकडा फसवा आहे

विमानात कोणी उभं राहून उडत नाही. त्यामुळे उभी उंची कॉकपिटसाठी जवळजवळ निरुपयोगी आहे. १९० सेंटिमीटरची दोन माणसं घ्या. एकाचं धड लांब, दुसऱ्याचे पाय लांब. खुर्चीत बसल्यावर त्यांच्या डोक्यांच्या उंचीत पाच-सहा सेंटिमीटरचा फरक सहज पडतो. पहिल्याचं डोकं छताच्या नळीला लागतं, दुसऱ्याचे गुडघे पॅनेलला. दोघांची तक्रार एकच, "विमान लहान आहे." इलाज मात्र उलटे. म्हणून "मी तेवढाच उंच आहे, मला चालतं" या वाक्याला पुरावा म्हणून फारशी किंमत नाही.

आपल्याकडे एनडीए किंवा एएफकॅटची तयारी केलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. भारतीय हवाई दलाच्या फ्लाइंग शाखेसाठी नुसती उंची बघत नाहीत. बैठी उंची ८१.५ ते ९६ सेंटिमीटर, पायाची लांबी ९९ ते १२० सेंटिमीटर आणि मांडीची लांबी जास्तीत जास्त ६४ सेंटिमीटर अशा वेगवेगळ्या मर्यादा आहेत. उंची भरपूर असूनही मांडीच्या मापावर बाद झालेली मुलं असतात. त्यांना तो अन्याय वाटतो, पण त्यामागचा विचार बरोबर आहे: कॉकपिट माणसाला तुकड्यातुकड्यांनी भेटतं.

याच मुद्द्यावरचा सगळ्यात गाजलेला अभ्यास गिल्बर्ट डॅनियल्स यांचा. अमेरिकी हवाई दलाच्या ४,०६३ वैमानिकांच्या मापांमधून त्यांनी कॉकपिटशी संबंधित दहा मापं निवडली आणि दहाही मापांत साधारण सरासरीच्या आसपास असलेली माणसं किती, ते मोजलं. "आसपास" याची व्याख्याही सैल होती, मधले तीस टक्के. १९५२ च्या अहवालात उत्तर आलं: शून्य. टॉड रोझ यांच्या "द एंड ऑफ ॲव्हरेज" या २०१६ च्या पुस्तकामुळे ही गोष्ट सर्वदूर पोचली. तिथून लोक एक सोपा धडा घेतात: सरासरी माणूस नसतोच, तेव्हा सगळं ॲडजस्टेबल करा, झालं.

माझा आक्षेप इथे आहे. लढाऊ विमानात सीट वरखाली करणारी यंत्रणा बसवायला वजन आणि पैसा असतो. लोखंडी नळ्यांच्या सांगाड्यावर कापड ताणून बनवलेल्या, जेमतेम आठशे किलोच्या विमानात दर किलोचा हिशोब असतो. शिवाय सीट हलली तरी पंख, पेडल आणि स्टिक जागेवरच राहतात. म्हणजे एक माप सुधारताना दुसरं बिघडतं.

सीट खाली घेतली की काय होतं?

पायपर सुपर कबचं उदाहरण घेऊ, म्हणजे पीए-१८. हे विमान १९४९ मध्ये आलं आणि बॅककंट्री म्हटलं की आजही पहिलं नाव त्याचंच निघतं. दोन सीटा एकामागे एक, पंख डोक्यावर, वैमानिक पुढे. डोक्याच्या जवळून सांगाड्याच्या नळ्या जातात. लांब धडाच्या माणसाला पहिला सल्ला मिळतो: सीट खाली घे, गादी पातळ कर.

समजा सीट पाच सेंटिमीटर खाली घेतली. डोक्यावर पाच सेंटिमीटर जागा मिळाली, छान. पण पेडल तिथेच आहेत. मग कंबर खाली जाते, गुडघे वर येतात, मांडीचा सीटवरचा आधार सुटतो आणि सगळं वजन बैठकीच्या हाडांवर येतं. दोन तासांनी माकडहाड बोलायला लागतं. वर आलेले गुडघे बाहेर फाकतात, आणि मधोमध आहे स्टिक.

आरामाचा प्रश्न इथे सुरक्षिततेचा होतो. टेलव्हील विमान तिन्ही चाकांवर एकदम उतरवताना स्टिक पूर्ण मागे, पोटापर्यंत ओढावी लागते. वारा बाजूने असेल तर त्याच वेळी स्टिक वाऱ्याच्या दिशेला पूर्ण झुकवावी लागते. त्या कोपऱ्यात मांडी असेल तर स्टिक तिथेच अडते. विमानाकडे शेवटचा थोडा कंट्रोल शिल्लक असतो, पण तुमची मांडी तो वापरू देत नाही. पायांचंही तेच. टेलव्हीलचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो, त्यामुळे जमिनीवर धावताना शेपटी पुढे यायला बघते आणि पाय सतत नाचवावे लागतात. जे-३ कबसारख्या जुन्या विमानांत ब्रेक टाचेने दाबायचे असतात. अकरा नंबरचे बूट आणि दुमडलेले पाय घेऊन ते करून बघा.

डोळ्यांचं गणित आणखी वेगळं. जमिनीवर नाक वर असल्यामुळे समोरचं दिसत नाही, तिथे उंच माणसाचा फायदा आहे. पण पंख डोक्यावर असलेल्या विमानात त्याचे डोळे पंखाच्या मुळाशी येतात. बाजूला बघायला मान वाकवावी लागते, तीही दर वळणावर. दरीत वळताना हे परवडत नाही. सीट खाली घेतली की बाजूचं दिसतं, समोरचं जातं. दोन्ही एकदम मिळत नाही.

मग सीट मागे का सरकवत नाहीत? "गुरुत्वमध्य बिघडेल," असं लगेच सांगितलं जातं. हिशोब करू. वैमानिक ९० किलोचा, सीट पाच सेंटिमीटर मागे, विमानाचं पूर्ण वजन ७९४ किलो. ९० गुणिले ५ भागिले ७९४, म्हणजे साधारण ०.५७ सेंटिमीटर. सहा मिलिमीटरसुद्धा नाही. वजनाच्या तक्त्यात तो धरावाच लागतो, पण खरी अडचण तो नाही. खरी अडचण सांगाड्याची आणि मागच्या प्रवाशाच्या गुडघ्यांची आहे.

शेजारी-शेजारी सीटांची विमानं

सेस्ना १७०, १८०, १८५ किंवा मॉल यांत दोघं शेजारी बसतात. इथे सीट रुळांवर मागे जाते, पाय लांब करता येतात, दोन्ही बाजूंना मोठी दारं असतात. लांब पायांच्या माणसाला हे वरदान. पण सेस्नात स्टिकऐवजी हँडल पॅनेलमधून बाहेर येतं, तेव्हा गुडघा आणि हँडल यांच्यातली फट तपासायलाच हवी. खांदेही दोघांचे एकाच रुंदीत मावायला हवेत. माहितीपत्रकातली केबिनची रुंदी एकाच ठिकाणची असते. ती कोपरापाशी घेतली, खांद्यापाशी की कमरेपाशी, हे कळल्याशिवाय तो आकडा मुका आहे.

सेस्नाच्या रुळांचा स्वतंत्र इतिहास आहे. सीटची खीळ भोकात नीट बसली नाही तर टेकऑफच्या वेळी सीट मागे घसरते, हात हँडलला धरून असतात, आणि नाक वर उचललं जातं. १९८७ च्या ८७-२०-०३ या सक्तीच्या आदेशाने अनेक सेस्ना मॉडेलांत रूळ आणि भोकांची झीज तपासणं बंधनकारक केलं. टेलव्हील विमान उभं असतानाच मागे कललेलं असतं, म्हणजे घसरायला उतारही तयार. उंच माणूस मुळातच मागच्या भोकांवर बसतो, त्यामुळे त्याला घसरायला जागा कमी. पण रोज तेच भोक वापरलं तर झीजही तिथेच होणार.

तिसरा मार्ग किटचा: किटफॉक्स, बेअरहॉक वगैरे. विमान स्वतः बांधत असाल तर सीटची उंची, पाठीचा कोन, पॅनेलची जागा यांवर आधीच विचार करता येतो. सर्टिफाइड सुपर कबमध्ये असा बदल करायचा तर मंजुरी घ्यावी लागते. कबच्याच वंशातली, पण जास्त रुंद सांगाड्याची नवी विमानंही आहेत, उदाहरणार्थ कार्बन कब. रुंदीने खांदे आणि गुडघे सुटतात. डोळे आणि पंख यांचं भांडण मात्र रुंदीने मिटत नाही.

"बसून बघ" यात काय चुकतं?

सल्ला बरोबर आहे, पण अर्धाच. झांग, हेलँडर आणि ड्रुरी यांनी १९९६ मध्ये दाखवलं की बसण्यातला आराम आणि त्रास ही एकाच पट्टीची दोन टोकं नाहीत, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आरामाचा संबंध मऊपणा, निवांतपणा, प्रसन्न वाटणं याच्याशी. त्रासाचा संबंध सांधे, दाब, आखडणं याच्याशी, आणि तो वेळेबरोबर वाढत जातो. हँगरमधली दहा मिनिटं पहिली गोष्ट सांगतात, दुसरी नाही. नवी शिवलेली चामड्याची सीट तुम्हाला हमखास फसवणार.

आता थोडं आमच्या क्षेत्राबद्दल. एर्गोनॉमिक्समध्ये "पाच ते पंच्याण्णव पर्सेंटाइल" हा मंत्र आहे. ऐकायला वाटतं नव्वद टक्के लोक बसले. पण ते एका मापापुरतं. बैठी उंची, मांडी, खांदे, पाऊल अशी चार मापं एकदम लावली की प्रत्येक चाळणीतून वेगळी माणसं गळतात आणि वगळलेल्यांची संख्या दहा टक्क्यांच्या बरीच पुढे जाते. नियमही उंचीच्याच भाषेत बोलतात. मोठ्या प्रवासी विमानांच्या अमेरिकी नियमात कंट्रोल पाच फूट दोन ते सहा फूट तीन इंच उंचीच्या माणसाला पुरले पाहिजेत असं लिहिलंय. सुपर कब किंवा सेस्ना १८० त्या नियमाखाली मंजूर झालेलीच नाहीत. तरीही "सहा-तीनपर्यंत चालतं" हा आकडा सगळ्या विमानांना चिकटवला जातो.

मग करायचं काय? विमान बघायला जाण्याआधी घरी भिंतीला टेकून बसा आणि दोन मापं घ्या: बैठक ते डोक्याचा माथा, आणि पाठ ते गुडघ्याचं टोक. तुम्ही धडाने लांब की पायांनी, ते तिथेच कळेल. मग विमानात, उडताना घालणार तेच बूट आणि हेल्मेट किंवा हेडसेट घालून बसा, खांद्याचे पट्टे आवळा आणि हे तपासा:

- स्टिक किंवा हँडल चारही कोपऱ्यांत पूर्ण जातं का, मांडी, गुडघा किंवा पोट मध्ये न येता?
- एक पेडल शेवटपर्यंत दाबलेलं असताना ब्रेक लागतो का? दुसरा गुडघा कुठे जातो?
- पट्टे आवळलेले असताना डोक्यावर किमान तुमची मूठ मावते का? खळबळाटात डोकं नळीवर आपटतं ते तिथेच.
- मान न वाकवता बाजूचं क्षितिज दिसतं का?
- तासभर बसल्यावरही या उत्तरांत फरक पडत नाही ना?

धड लांब असेल तर मी आधी डोळ्यांची आणि डोक्याची तपासणी करेन, आणि बऱ्याचदा सीट खाली जाणारं शेजारी-शेजारी विमान किंवा स्वतः बांधायचं किट यांकडे वळेन. पाय लांब असतील तर सुपर कबसारख्या विमानात स्टिकचे मागचे दोन कोपरे आधी बघेन. ते मोकळे असतील तर बाकीच्या अडचणींवर गादी आणि शिंप्याकडून तोडगा निघतो. ते अडत असतील तर किंमत कितीही चांगली असली तरी ते विमान तुमचं नाही. बाजूच्या वाऱ्यात, आखूड पट्टीवर, शेवटच्या दोन सेकंदांत लागणारी स्टिक तिथेच असते.