एकच गळा, एकच विठ्ठल

आमच्या उचगावी उत्सवाच्या पहाटे पंडित भीमसेन जोशी यांचे अभंग ध्वनिक्षेपकावरून ऐकू येणे ही नित्याचीच गोष्ट होय. परंतु त्याच गळ्यातील पुरंदरदासांचे कन्नड पद लागले, की काही श्रोत्यांच्या कपाळी आठी उमटते. ही आठी सार्थ आहे काय, हे पाहण्यासाठी पंडितजींच्या तीन ध्वनिमुद्रिकासंचांची तुलना आम्ही येथे करीत आहोत.

पहिली 'अभंगवाणी'. १९५३ साली 'गुळाचा गणपती' या चित्रपटात 'इंद्रायणी काठी' गाणारा तरुण गळा येथे परिपक्व झालेला आढळतो. राम फाटक यांची चाल लाभलेल्या नामदेवांच्या 'तीर्थ विठ्ठल'मध्ये एकच नाम पुनःपुन्हा येते. परंतु दर वेळी ते निराळ्या स्वराने उजळते. क्वचित तानेच्या आवेगात पुढील चरण ताटकळत राहतो, हा दोष आम्ही लपवीत नाही.

दुसरा संच १९८५ चा 'राम श्याम गुणगान'. सोबतीस लता मंगेशकर, संगीत श्रीनिवास खळे यांचे. दोन थोर गळ्यांचा मेळ राखताना पंडितजींनी आपला आवेग आवरला आहे. गोडवा अपार, परंतु वारकऱ्याचे देहभान हरपणे येथे नाही.

तिसरी 'दासवाणी'. १९२२ साली गदग परिसरात जन्मलेल्या आणि कुंदगोळास सवाई गंधर्वांपाशी किराणा घराण्याचा स्वर साधलेल्या या गायकाची मातृभाषा कन्नड. म्हणूनच 'भाग्यदा लक्ष्मी बारम्मा'मध्ये शब्द आणि स्वर यांत अंतर उरत नाही. पावलापावलाने येणाऱ्या लक्ष्मीसाठी लयही घाई करीत नाही. सामर्थ्यात अभंगवाणी श्रेष्ठ. सहजतेत दासवाणी, असे आमचे मत आहे.

सीमेचा प्रश्न आम्हांस ठाऊक आहे. त्याचे दुःखही आम्ही भोगले आहे. परंतु तो वाद देवळाच्या पायरीवर ठेवून आत यावे. ज्यांचे अभंग आपण आपले म्हणून मिरवितो, ते गायक कानडी मुलखातील. ज्ञानदेवांनी तर प्रत्यक्ष विठ्ठलासच 'कानडा' म्हटले. आणि पुरंदरदासांची नाममुद्रा कोणती? 'पुरंदरविठल'! आठी घालणारा श्रोता पद संपेपर्यंत थांबला, तर शेवटच्या चरणात त्याचाच देव त्यास भेटेल.