घाटाची उंची आणि माळावरचे पाणी

प्रवासवर्णन हा मराठीतील एक संपन्न वाङ्मयप्रकार आहे. या घराण्यात अलीकडे सायकलस्वारांच्या मार्गवर्णनाची भर पडली आहे. पूर्वी सायकल शाळेला, दूध घालायला किंवा बाजाराला जाण्यासाठी असे. आता आपल्या धर्मग्रामांतील तरुण रविवारची मिस्सा आटोपून हौसेने घाट चढायला निघतात आणि परतल्यावर त्या वाटेचे वर्णन लिहितात. वार्षिक अंकांतून, स्मरणिकांतून ते छापले जाते. काही तरुण आपले लिखाण आमच्याकडेही वाचावयास आणून देतात. साहित्य म्हणून या लिखाणाची कोणी दखल घेतल्याचे आमच्या पाहण्यात नाही. तो प्रयत्न येथे करावयाचा आहे.

प्रथम त्याचे गुण सांगितले पाहिजेत. हे लेखन नेमके असते. वाई सोडली की पसरणीचा घाट लागतो आणि सुमारे १२ किलोमीटरांत रस्ता पाचशेहून अधिक मीटर चढून पाचगणीला पोहोचतो, हे त्यातून कळते. पुढे महाबळेश्वर, तेथून आंबेनळी घाटाच्या वळणांनी उतरत प्रतापगड. किल्ला १६५६ साली बांधून झाला आणि त्याच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफझलखानाची भेट घडली, याचीही नोंद असते. साताऱ्याहून कासच्या पठाराकडे जाणारी वाट, पावसाळ्याच्या अखेरीस तेथे उमलणारी फुले आणि २०१२ मध्ये त्या पठाराला पश्चिम घाटाबरोबर लाभलेला जागतिक वारशाचा मान, हेही सुटत नाही. नवख्या प्रवाशाला अशी माहिती उपयोगी पडते आणि ती प्रामाणिकपणे दिलेली असते.

परंतु माहिती संपल्यावर वाचकाच्या हाती काय उरते? आमच्या मते या लेखनात तीन उणिवा आहेत. पहिली, आकडा हा अनुभवाची जागा घेतो. चढ किती मीटरांचा, वेळ किती लागला, हे सांगितले की लेखकाला चढ सांगून झाला असे वाटते. दुसरी, इतिहास मैलाच्या दगडासारखा येतो. डावीकडे किल्ला, उजवीकडे देऊळ, मध्ये एक सनावळी, की स्वार पुढे निघाला. तिसरी उणीव सर्वांत मोठी आहे. या वर्णनांत माणसे नसतात. चहा मिळतो, पण चहावाला दिसत नाही. पंक्चर निघते, पण ते काढणाऱ्याचे हात दिसत नाहीत. सायकल हे वाहन असे आहे की चढावर ते माणसाच्या चालीने चालते. वाटेकडेच्या माणसाशी दोन शब्द बोलता यावेत, इतका त्याचा वेग कमी होतो. ज्या वाहनाने माणूस भेटावा, त्याच्याच वर्णनात माणूस नसावा, ही विसंगती आहे.

जुन्या मराठी प्रवासवर्णनाशी तुलना केली म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली प्रसिद्ध झाला. वरसईचे हे भिक्षुक घरचे कर्ज फिटावे, चार पैसे दक्षिणा मिळावी, म्हणून १८५७ च्या सुमारास पायी उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. लूट सोसली, भूक सोसली. मिळवलेले द्रव्य गेले, तरी आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन ते घरी परतले. त्यांच्या पुस्तकात किती कोस चाललो याचा हिशेब आज कोणी शोधत नाही. वाटेवर कोणी आसरा दिला, कोणी लुबाडले, लोक कशाला भ्याले, हे वाचण्यासाठी ते पुस्तक उघडले जाते. त्यांच्या प्रवासाला गरज होती, आमच्या प्रवासाला हौस आहे, एवढा फरक मान्य करूनही त्यांची दृष्टी आम्हांला घेता आली असती.

येथे ‘आम्हांला’ हा शब्द केवळ लेखनाची रीत म्हणून आलेला नाही. या दोषात आम्ही स्वतः सामील आहोत. २०१३ च्या उन्हाळ्यात आम्ही मिरजेहून जतकडे सायकलीने निघालो होतो. जतचे माळ, उमराणीचे रण आणि पुढे विजापूरचा १६५६ सालचा गोलघुमट, असा आमचा बेत होता. त्या वर्षी सांगली जिल्ह्याच्या पूर्वभागात कडक दुष्काळ होता. जत तालुक्यात शिरल्यावर भर दुपारी मागचे चाक बसले. रस्त्याकडेला एक वस्ती होती. दारात टँकरच्या पाण्याचे बॅरल. एका वृद्ध बाईने आम्हांला सावलीत बसविले, आधी गुळाचा खडा हातावर ठेवला आणि मग त्या बॅरलमधून तांब्या भरून दिला.

“कुठनं आलासा पाव्हणं, एवढ्या उनाचं?” तिने विचारले. आम्ही सांगितले, आणि काहीतरी बोलावे म्हणून आदल्या वर्षी महाबळेश्वरचा घाट चढल्याचेही सांगितले.

“तिकडं पाऊस लई पडतोय म्हणं?”

“फार पडतो, आजी.”

“मग ते पाणी जातंय कुठं?”

आम्ही हसलो, आभार मानले, चाक दुरुस्त करून निघालो. पुढे त्या प्रवासाचे वर्णन लिहिले, ते छापूनही आले. त्यात घुमटातील प्रतिध्वनीला एक संपूर्ण परिच्छेद दिला होता. मिरज ते जत या टप्प्याला मात्र एकच वाक्य होते, आणि त्यात एक विशेषण होते : ‘निर्जन माळ’. ज्या माळावरच्या बाईने टँकरचे पाणी आम्हांला ओतून दिले, तो माळ आमच्या लेखणीने निर्जन ठरविला! ते विशेषण आजही आम्हांला बोचते. ती शैलीची चूक नव्हती. ती खोटी साक्ष होती.

त्या बाईच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला तेव्हाही ठाऊक होते. महाबळेश्वरावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. जतला त्याच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतकाच. महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा वाईवरून येते, माहुलीला वेण्णेला आणि कराडला कोयनेला भेटते, सांगलीजवळ वारणेला पोटात घेते आणि मिरजेच्या खाली म्हैसाळला पोहोचते. तेथून तिचे पाणी टप्प्याटप्प्याने उपसून कवठे महांकाळ आणि जतच्या चढावर चढविण्याची योजना आहे. तालुक्याच्या काही भागांत ते पोहोचले, पूर्वेकडच्या गावांनी मात्र वर्षानुवर्षे वाट पाहिली. याच पाण्यापायी सीमेवरील गावांनी कर्नाटकात जाण्याची भाषा केली, आणि २०२२ च्या अखेरीस तो विषय वर्तमानपत्रांतून पुन्हा गाजला. म्हणजे आमच्या सायकलस्वारांचा आवडता घाट आणि त्यांनी वगळलेला माळ ही एकाच पाण्याची दोन टोके आहेत. राज्यकारभारातही ती फार दूर नव्हती. डफळ्यांचे जत संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले, १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्ह्यात आले आणि १९६० मध्ये त्या जिल्ह्याचे नाव सांगली झाले. मार्गवर्णनाने हा धागा हाती घेतला, तर महाबळेश्वर ते जत हा साऱ्या दख्खनचा अर्थ सांगणारा मार्ग ठरेल. पण वर्णन तर फुले संपतात तेथेच थांबते.

इतिहासाबाबतही हेच घडते. जत तालुक्यातील उमराणी येथे १६७३ च्या एप्रिलमध्ये सरसेनापती प्रतापराव गुजरांनी आदिलशाही सरदार बहलोलखानाला कोंडले. पाण्याची वाट रोखल्यामुळे खानाचे सैन्य तहानेने व्याकूळ झाले. खानाने गयावया केली आणि प्रतापरावांनी त्याला वाट दिली. शिवाजी महाराजांना ते रुचले नाही. खान पुन्हा चालून आला आणि फेब्रुवारी १६७४ मध्ये नेसरीच्या खिंडीत प्रतापराव सहा स्वारांनिशी त्याच्यावर तुटून पडले व कामी आले. नेसरीवर कुसुमाग्रजांनी कविता लिहिली आणि ती घरोघरी पोहोचली. उमराणीकडे साहित्याचे लक्ष त्या मानाने फारच थोडे गेले. ती दया योग्य होती की राजकीय चूक, याचा निवाडा सोपा नाही. महाराजांच्या रोषालाही सबळ कारण होते. तरीही तान्हेल्या शत्रूला पाणी द्यावे, असे नीतिसूत्रांत आणि पौलाच्या रोमकरांस लिहिलेल्या पत्रात वाचणाऱ्या आपणांस त्या ओढ्याकाठी क्षणभर थांबावेसे वाटू नये काय? सनावळी लिहून पुढे जाणाऱ्या लेखकाला हा प्रश्न पडतच नाही.

उंची हीच मार्गाची थोरवी असती, तर इटलीतील गिझालोच्या खिंडीची कोणी वार्ताही केली नसती. कोमो सरोवराच्या वरची ही खिंड अवघी ७५४ मीटर उंच. आपल्या पाचगणीपेक्षा कितीतरी ठेंगणी. पण तेथे पवित्र मरियेचे एक लहानसे मंदिर आहे. १९४९ मध्ये पोप बारावे पायस यांनी गिझालोच्या मरियामाउलीला सायकलस्वारांची आश्रयदाती घोषित केले. विजेत्यांच्या सायकली तेथे मांडलेल्या आहेत, आणि १९९५ च्या फ्रान्स प्रदक्षिणेत उतारावर पडून मरण पावलेल्या फाबियो कासार्तेल्ली या तरुणाची मोडकी सायकलही जपून ठेवलेली आहे. जिंकलेला आणि पडलेला यांना एकाच भिंतीवर जागा देणारी ती वास्तू आम्हांला मार्गवर्णनाचा उत्तम नमुना वाटते. जीनो बार्ताली याने ती प्रदक्षिणा १९३८ आणि १९४८ मध्ये जिंकली. परंतु २०१३ मध्ये याद वाशेम या संस्थेने त्याचा गौरव केला तो त्या विजयांसाठी नव्हे. महायुद्धाच्या काळात ज्यूंना वाचविण्याच्या कामी त्याने जी मदत केली, तिच्यासाठी. सरावाच्या निमित्ताने तो सायकलीच्या नळीतून बनावट कागदपत्रे नेत असे, असे सांगतात. हयातीत तो याविषयी फारसा बोलला नाही. त्या फेऱ्यांची वेळ कोणी मोजली नव्हती.

यावर एक आक्षेप येईल : मग प्रत्येक मार्गवर्णन प्रवचन होईल की काय? धर्मगुरूने हा धोका आधी ओळखला पाहिजे. दुष्काळावर चार हळहळीची वाक्ये चिकटवून लेखन खोल होत नाही; ते केवळ लांबते. आमची अपेक्षा लहान आहे. जे दिसले ते लिहावे आणि विशेषण वापरण्यापूर्वी ते खरे आहे काय, हे तपासावे. ‘रमणीय’ म्हणताना कोणाला रमणीय, ‘ओसाड’ म्हणताना तेथे कोण राहते, एवढे विचारले तरी निम्मे काम होते. माडग्याळची मेंढरे, डाळिंबाच्या बागा, गुड्डापूरच्या दानम्मादेवीला निघालेले भाविक, मराठी बोलता बोलता सहज कानडीत शिरणारी माणसे, यांतील काहीही माळावरून जाणाऱ्या स्वाराला दिसू शकते. त्यासाठी ब्रेक दाबण्याची तयारी हवी.

आमच्या तरुण लेखकांनी घाट जरूर चढावेत, आकडेही जरूर द्यावेत. फक्त लिहून झाल्यावर एकदा पाहावे, की वाटेत आपल्याला पाणी कोणी दिले आणि ते माणूस आपल्या लेखात आहे काय. आमच्या लेखात ते नव्हते. त्या वस्तीवरून आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा दाराला कुलूप होते. शेजाऱ्यांनी सांगितले, मुलाबरोबर ऊसतोडीला गेली असेल, नाहीतर लेकीकडे. तिच्या प्रश्नाचे उत्तर तिला द्यायचे राहिले. ते येथे, बारा वर्षांहून अधिक उशिराने, लिहिले आहे.