हिंदुराव साऱ्यांना पाठ, मारुती कुणाला?

'सामना' पुन्हा एकदा बघा. आणि बघताना आपण टाळी कुठं वाजवतो तेही तपासा.

1975 सालचा सिनेमा. दिग्दर्शक जब्बार पटेल, लेखक विजय तेंडुलकर, निर्माते रामदास फुटाणे. पार बर्लिनच्या महोत्सवापर्यंत गेलेला. त्यातला साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील हा कागदावरचा पुढारी, पण तो आपल्याला खोटा वाटत नाही. वाटेल कसा? 1950 नंतर प्रवरानगरपासून सहकारी कारखाने उभे राहिले, 1962 साली जिल्हा परिषदा आल्या, आणि कितीतरी ठिकाणी कारखाना, बँक, शाळा, पंचायत साऱ्यांच्या किल्ल्या एकाच घराच्या कनवटीला गेल्या. हिंदुराव त्या कनवटीतून निघालेला माणूस आहे.

आम्ही अवसरी बुद्रुकचे. शेजारी पारगावला भीमाशंकर कारखाना, आजूबाजूला ऊस. त्यामुळे सहकाराचा साधा हिशेब आम्हाला कळतो. कारखान्यात मत सभासदाला, सभासद व्हायचं तर ऊस पाहिजे, ऊस लावायचा तर सातबारा पाहिजे. महार वतनं 1958 च्या कायद्यानं गेली. ज्याच्या हाती तुकडाच राहिला, किंवा तोही नाही, त्यानं ह्या सहकारात शिरायचं कुठून? पाटलाची सत्ता इथं उगवते. सिनेमा इथवर खणत नाही. तो वाड्यातच रमतो.

आणि रमतो म्हणजे कसा! निळू फुल्यांनी पाटील असा काही उभा केलाय की त्याचा राग यायच्या आधी त्याची गंमत वाटते. (निळूभाऊ स्वतः सेवा दलात वाढलेले, त्यांच्याबद्दल तक्रार नाही.) आमच्या वस्तीतली पोरं त्या पाटलाची चाल, त्याचा घोगरा आवाज हुबेहूब काढतात. मारुती कांबळेची नक्कल एकही पोरगं करत नाही. करणार कशाची? मोहन आगाशे त्या भूमिकेत आहेत, हेही कुणाच्या ध्यानात नसतं. मारणाऱ्याला अख्खं चरित्र, मेलेल्याला फक्त नाव. तेही असं नाव की आडनावावरून आपण काय ते ओळखावं.

मारुतीचं काय झालं हे विचारतो कोण? दारुडा मास्तर. डॉ. लागूंनी तो जीव तोडून केलाय, मान्य. पण साल बघा राव! 1972 ला आपल्याच पुणे जिल्ह्यात बावड्याला बहिष्कार पडला. त्याच साली मुंबईत पँथर उभी राहिली. 1974 ला अकोल्याकडे ढाकळीत गवई बंधूंचे डोळे काढले. त्या वर्षांत हा प्रश्न मारुतीची माणसं स्वतः मोर्चा काढून विचारत होती, लाठ्या खात होती. पडद्यावर मात्र पश्चात्तापाला एक मास्तर आणि पापाला एक पाटील. दोघंही त्यांचेच. भांडण घरातलं, प्रेत आपलं.

1979 च्या 'सिंहासन'मध्ये हीच मंडळी मंत्रालयात पोचली. तिथं तर मारुतीचं नावही उरलं नाही.

तरीही 'सामना' टाकाऊ म्हणणार नाही. त्या नावाची टोचणी सिनेमाभर राहते, हे तेंडुलकरांचं देणं लागतोच.

परवा विहारापुढं पडदा बांधून तो दाखवला. संपल्यावर पोरं पाटलाच्या आवाजात बोलत उठली. एक म्हातारी तिथंच बसून राहिली. म्हणाली, "बाबा, त्यो मेला तवा त्याच्या घरात खाणारी तोंडं किती व्हती?"

आम्हाला सांगता आलं नाही.