श्रद्धा आणि परिसर : मराठी ख्रिस्ती गद्यातील परिवर्तनाची कसोटी

ठाण्याहून भिवंडीस जाताना कशेळीजवळ उल्हास नदीची खाडी ओलांडावी लागते. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या अभ्यासकास ही खाडी अर्थपूर्ण वाटावी अशी आहे. कशेळीच्या वरच्या अंगास कल्याण आहे. नारायण वामन टिळकांचे प्राथमिक शिक्षण तेथे झाले. खालच्या अंगास, खाडीच्या मुखाशी, वसई आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांचे कार्य तेथे घडले. टिळक १९१९ साली निवर्तले, दिब्रिटो २०२४ साली. ख्रिस्ती श्रद्धा माणसाचे जीवन आणि त्याचा परिसर पालटून टाकते, हे विधान ह्या दोघांच्या परंपरेत वारंवार आढळते. ते विधान धर्मदृष्ट्या खरे की खोटे, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय नव्हे. वाङ्मयात ते केव्हा सिद्ध होते आणि केव्हा केवळ उच्चारले जाते, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

बाबा पदमनजी ह्यांचे ‘यमुनापर्यटन’ (१८५७) ह्या दृष्टीने प्रथम विचारात घ्यावे लागते. हिंदू विधवांच्या दुःस्थितीचे निरूपण हा त्या ग्रंथाचा हेतू असून, त्या दुःखाविषयीची पदमनजींची कळकळ निःसंशय अस्सल आहे. यमुनेच्या प्रवासात एकेका विधवेची कहाणी समोर येते आणि वाचकाचे मन हेलावते. परंतु ज्या घरांत ह्या कहाण्या घडतात, ती घरे ग्रंथाच्या अखेरीस होती तशीच राहतात. पालटते ती एकटी यमुना. तिला नवे जीवन लाभते, पण ते जुन्या परिसराबाहेर पडून. ह्यात लेखकाचा दोष काढण्यापेक्षा त्याच्या काळाची साक्ष पाहणे योग्य होईल. धर्मांतरिताला घर, नाते आणि वारसा ह्यांस मुकावे लागत असे. स्वतः पदमनजींनी १८५४ साली बाप्तिस्मा घेतला होता. मात्र श्रद्धेने परिसर पालटतो, हे ‘यमुनापर्यटना’त युक्तिवादाच्या पातळीवरच राहते, प्रसंगांतून ते घडताना दिसत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त (१९३४ ते १९३६) स्थिती नेमकी उलट आहे. येथे युक्तिवाद जवळजवळ नाही. स्वयंपाकघर आहे, पाण्याचे भांडे आहे, पंगत आहे. सोवळ्याच्या वेडाने ग्रासलेल्या वडिलांच्या घरात ह्या ग्रंथाचा आरंभ होतो. त्या घरी बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घ्यावी लागे. शुद्धाशुद्धतेची ही भीती वाचकाच्या मनात आधीच इतकी ठसते, की पुढे त्याच घरातील मुलगी वाटेल त्याच्या हातचे पाणी पिण्यास सिद्ध होते, तेव्हा काय पालटले हे निराळे सांगावे लागत नाही. शिवाय जातिभेद ईश्वराने निर्मिलेला नसून माणसाने निर्मिलेला आहे, ह्या निर्णयाप्रत लक्ष्मीबाई बाप्तिस्म्यापूर्वीच पोचतात. धर्मविधीच्या आधी पंगत पालटते. हा क्रम लक्षात न घेता ‘स्मृतिचित्रे’स धर्मांतराची कथा म्हणणे म्हणजे तिचे मर्म हरवणे होय.

परंतु ह्या ग्रंथाचे खरे मोल आणखी एका गोष्टीत आहे. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्यापुरती ती एका शोधाची परिपूर्ती होती; लक्ष्मीबाईंच्या वाट्यास मात्र प्रथम विरह, लोकनिंदा आणि परावलंबन आले. त्यांचा स्वतःचा बाप्तिस्मा १९०० सालचा. मधल्या वर्षांचे वर्णन करताना त्या पतीच्या श्रद्धेवर कोरडे ओढत नाहीत, आणि तिच्या तेजाने आपले दुःख झाकूनही टाकीत नाहीत. श्रद्धेने जीवन पालटते असे म्हणणाऱ्याने कोणाचे जीवन आणि कोणाच्या मोलाने, हेही सांगितले पाहिजे. मराठीत हे प्रथम इतक्या निर्मळपणे ‘स्मृतिचित्रे’नेच सांगितले. टिळकांच्या दातृत्वामुळे घरात पडणारी ओढाताण त्या हसत सांगतात, आणि त्याच घरात अनाथ मुलांना थारा मिळाल्याचेही सांगतात. पुरावा दोन्ही बाजूंचा असल्यामुळे वाचक साक्षीदारावर विश्वास ठेवतो.

टिळकांच्या उत्तरायुष्यातही ह्याच जाणिवेचा विस्तार दिसतो. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. त्याचे द्वार बाप्तिस्मा झालेल्यांना आणि न झालेल्यांनाही मोकळे होते. अभंग आणि कीर्तन ह्यांचा त्यांनी उपासनेसाठी केलेला स्वीकार हा केवळ छंदाचा प्रश्न नव्हता. श्रद्धाळूने परिसर सोडून जावयाचे नसून परिसरात राहूनच पालटावयाचे आहे, ही त्यामागील भूमिका होती. पदमनजींच्या यमुनेस जे शक्य झाले नाही, ते टिळकांनी उपासनेच्या भाषेत साधण्याचा प्रयत्न केला.

वसईची कथा निराळी आहे. तेथील ख्रिस्ती समाज पोर्तुगीज अंमलात (१५३४ ते १७३९) उदयास आला. त्यामागे राजसत्ता होती, ही गोष्ट दृष्टीआड करता येत नाही. तथापि सत्ता गेली तरी बागायत, बोली आणि श्रद्धा टिकून राहिली. दिब्रिटो ह्यांच्या पिढीपुढे प्रश्न उभा राहिला तो ह्या परिसराच्या रक्षणाचा. ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन, ‘सुबोध बायबल’ आणि ‘हरित वसई’च्या चळवळीतील नेतृत्व ही त्यांची तीन कार्ये परस्परांपासून विलग करता येत नाहीत. बायबल सुबोध मराठीत आणणे आणि गावच्या विहिरीचे पाणी गावास राखणे, ह्या दोहोंच्या मुळाशी शेजाऱ्याविषयीची एकच जबाबदारी आहे. २०२० साली उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना लाभले. त्या निवडीस विरोधही झाला. त्यावरून ख्रिस्ती लेखकाचे मराठीपण अद्याप सर्वांनी गृहीत धरलेले नाही, हे उघड होते.

ह्या तीन टप्प्यांवरून एक कसोटी हाती येते. जेथे परिवर्तनाची साक्ष केवळ श्रद्धाळूच देतो, तेथे ती प्रचारापलीकडे फारशी जात नाही. जेथे पाण्याचे भांडे, पंगत आणि विहीर साक्षीस उभी राहतात, आणि परिवर्तनाचे मोल चुकविणाऱ्या माणसालाही बोलू दिले जाते, तेथे अश्रद्ध वाचकासही ती मानावी लागते. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार बहुधा धर्मप्रसाराच्या इतिहासाचे एक प्रकरण म्हणून केला जातो. तो ह्या कसोटीवर झाल्यास ‘स्मृतिचित्रे’ त्या प्रकरणात मावत नाही, हे सहज ध्यानात येईल.