पन्नास यार्डांच्या रेषेवरून

अमेरिकेत एक काळ असा होता की ऑगस्टमधल्या एखाद्या रात्री टीव्हीचं बटण फिरवता फिरवता माणूस पीबीएस या सार्वजनिक वाहिनीवर थांबायचा, आणि समोर फुटबॉलचं भरलेलं स्टेडियम दिसायचं, पण खेळ मात्र कुठेच नसायचा. मैदानावर शंभर-सव्वाशे पोरंपोरी. हातात ब्यूगल, कमरेला नाहीतर खांद्याला ड्रम, मागे झेंडे. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत ड्रम कोर अजिंक्यपदाची अंतिम फेरी अशी देशभर दिसत होती. त्या प्रक्षेपणांच्या टेपा लोकांनी घरोघरी जपल्या, त्यांच्या नकलांच्या नकला झाल्या, आणि आज चित्र थरथरतं, रंग उडालेत, तरी त्या पाहिल्या जातात. आठवणींचा हा बाजार बराचसा गहिवराचा आहे. गहिवर बाजूला ठेवून पाहिलं, तर त्या टेपांमधून एका कलेचं काय झालं हे चांगलं कळतं.

ड्रम कोर म्हणजे नेहमीचा बँड नव्हे. क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, बासरी यांना इथे मज्जाव. पितळी वाद्यं, तालवाद्यं आणि झेंडे-रायफली फिरवणारा कलर गार्ड, एवढंच पथक. वयाची एकविशी उलटली की बाहेर. उन्हाळाभर बसने गावोगाव फिरायचं, शाळांच्या जिममध्ये फरशीवर झोपायचं, दिवसभर उन्हात सराव आणि रात्री स्पर्धा. पुण्यातल्या ढोल-ताशा पथकांतल्या मुलांना यातलं वेड समजावून सांगावं लागणार नाही. या पथकांची मुळं माजी सैनिकांच्या संघटनांमध्ये होती. परीक्षण, नियम आणि पैसा यांवरचा त्या संघटनांचा ताबा झुगारून पथकांच्या संचालकांनी ड्रम कोर्स इंटरनॅशनल ही स्वतःची संस्था काढली. तिची पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९७२ साली विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटर या छोट्या गावात झाली आणि कॅलिफोर्नियाच्या अनाहाइम किंग्जमेनने जिंकली.

सत्तरच्या दशकातली कोणतीही टेप लावा, पहिल्यांदा डोळ्यांत भरतात ते परीक्षक. चालत्या रांगांमध्ये शिरून, हातात फळी-कागद घेऊन ही माणसं वाजवणाऱ्याच्या अगदी जवळ कान नेतात. एक काठी उशिरा पडली, एक पाऊल चुकलं, की कागदावर एक खूण. प्रत्येक खुणेला गुणाचा दहावा हिस्सा वजा. कॅमेरा स्नेअर वाजवणाऱ्या पोरावर स्थिरावतो तेव्हा चौकटीच्या कडेला परीक्षकाचा बूट दिसतो, आणि त्या पोराच्या जबड्यावरचा ताण पाहून कळतं की त्याला तो बूट ऐकू येतो आहे. सादरीकरणाच्या आतच परीक्षा चाललेली असे. ही चुका मोजण्याची पद्धत १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात गेली. कलेच्या दृष्टीने ते बरंच झालं. चुका टाळणं हेच ध्येय असलं की कोणी धाडस करत नाही. पण टीव्हीवर पाहणाऱ्याच्या हातून मात्र एक सोपं सूत्र निसटलं. कुठे चुकलं, किती गेलं, हे घरी बसलेल्या माणसाला कळत होतं. उरलेल्या ‘एकूण परिणाम’सारख्या रकान्यांतले गुण कळायला मात्र या वर्तुळाच्या आत असावं लागतं.

परीक्षकांच्या गर्दीतही धमाल करणारे होते. न्यू जर्सीतल्या बेयॉनचे ब्रिजमेन लांब पिवळे कोट आणि रुंद काठाच्या टोप्या घालून यायचे आणि शेवटी सगळंच्या सगळं पथक मैदानावर कोसळून पडायचं. टीव्हीसाठी याहून चांगलं काय हवं? सांता क्लारा व्हॅनगार्डचे वादक ‘फिडलर ऑन द रूफ’मधलं बाटलीनृत्य करायचे. कुठल्याही खुलाशाशिवाय हे पोचत होतं.

अडचण सुरू झाली ती कॅमेऱ्याची. या कलेतली मैदानावरची रचना, ज्याला तिथे ड्रिल म्हणतात, ती मैदानाच्या मध्यावरच्या पन्नास यार्डांच्या रेषेसमोर उंचावर बसलेल्या माणसासाठी आखलेली असते. तिथून वक्ररेषा वळताना, दोन आकार एकमेकांतून आरपार जाताना दिसतात. टीव्हीचे दिग्दर्शक मात्र फुटबॉल टिपण्यात वाढलेले. चेंडूच्या मागे धावायची सवय. चेंडू नाही म्हटल्यावर ते चेहरा शोधायचे. सरळ रांगा आणि चौकोन होते तोवर यात फारसं बिघडत नव्हतं. मग १९८३ साली मायामीत गारफील्ड कॅडेट्सनी ड्रम कोर्स इंटरनॅशनलचं आपलं पहिलं अजिंक्यपद जिंकलं. जॉर्ज झिंगाली यांनी आखलेल्या त्यांच्या ड्रिलमध्ये डावी-उजवी बाजू सारखी असण्याचा जुना दंडकच मोडला होता. सगळं तिरकं, वाहतं आणि धावतं. सलग तीन वर्षं ते जिंकले. आणि त्या वर्षांच्या टेपा पाहताना जीव नुसता वर-खाली होतो: आकार उलगडायच्या नेमक्या क्षणी पडद्यावर झांजा वाजवणाऱ्याचा घामेजलेला चेहरा. क्रांती झाली आणि आपल्याला दाखवलं कपाळ. पुढे संस्थेनेच एका उंच कॅमेऱ्यातून सलग टिपलेली चित्रफीत वेगळी विकायला सुरुवात केली, ते काही उगाच नाही.

तरीही त्या प्रक्षेपणांची बाजू घ्यावीशी वाटते, ती निवेदकांमुळे. स्टीव्ह रॉन्डिनारो यांच्यासारखा माणूस वर्षानुवर्षं माइकवर होता. पेशाने टीव्हीवरचा वृत्तनिवेदक, आणि ड्रम कोरमध्ये मुरलेला. पाहणाऱ्याला काहीच माहीत नाही असं धरून तो बोलायचा, पण त्याला बावळट मात्र समजायचा नाही. हे कसब सोपं नाही. पीबीएसवरचं थेट प्रक्षेपण थांबल्यावर काही वर्षं कापून-जोडून बनवलेला कार्यक्रम मागाहून दाखवला जाई. २००४ च्या सुमारास स्पर्धा चित्रपटगृहांत थेट पोचली, २००५ पासून दोन-तीन वर्षं ईएसपीएन२ वर कार्यक्रम झाला. तिथे अकरा-बारा मिनिटांच्या सादरीकरणातले तुकडे आणि मध्ये मुलांच्या संघर्षकथा. क्रीडावाहिनीला अश्रू हवे होते, संगीत असलं काय नि नसलं काय.

आज पैसे भरा आणि इंटरनेटवर उन्हाळाभर हवी ती स्पर्धा पाहा. चित्र स्वच्छ, आवाज उत्तम. मैदानावरही सगळं बदललं आहे: २००० पासून जी स्वरातल्या ब्यूगलची सक्ती संपली, २००४ मध्ये ध्वनिवर्धनाला आणि २००९ मध्ये इलेक्ट्रॉनिक वाद्यांना परवानगी मिळाली. आजची मुलं १९७९ च्या मुलांपेक्षा कितीतरी सरस वाजवतात, यात वाद नाही. जुने रसिक हे मान्य करायला कुरकुरतात, पण कानांनी खोटं बोलू नये. खटकतं ते वेगळंच. पैसे भरून पाहणारा आधीच या पंथातला असतो. बटण फिरवताना चुकून थांबणारा तो अनोळखी माणूस आता येतच नाही, आणि तो येत नाही म्हणून रचनाही त्याच्यासाठी केली जात नाही. क्षणाक्षणाला नवा प्रसंग, पडदे, मंच, ध्वनिमुद्रित निवेदन. परीक्षकांना पुरून उरेल एवढं, बाहेरच्याला श्वास घ्यायला जागा नाही.

जुन्या टेपांना भाळायचंच असेल तर त्यांनी काय दाखवलं नाही हेही बघावं. १९३४ साली स्थापन झालेलं हेच गारफील्ड कॅडेट्स, पुढचं नुसतं कॅडेट्स, २०२४ च्या सुरुवातीला बंद पडलं. त्याआधी १९८० च्या दशकातल्या लैंगिक अत्याचाराचा दावा न्यायालयात दाखल झाला होता. झिंगालींचं ड्रिल पडद्यावर उजळत होतं तेच हे दशक. त्या ड्रिलचं श्रेय कमी होत नाही, पण ‘तो काळ किती निर्मळ होता’ हे वाक्य आता कुणी सहज उच्चारू नये.

बाहेरच्या माणसापर्यंत पोचण्याचा रस्ता एका पथकाने शोधला होता. १९९३ मध्ये स्टार ऑफ इंडियानाने बार्बर आणि बार्टोक यांच्या संगीतावर काळीशार, कोरडी रचना उभी केली. प्रेक्षकांत नाराजी पसरली, आणि ९७.४ विरुद्ध ९७.३ अशा एका दशांशाने त्यांचं अजिंक्यपद हुकलं. त्यानंतर त्यांनी स्पर्धाच सोडली, रंगमंचाकडे वळले. त्यातून ‘ब्लास्ट!’ हा प्रयोग लंडनला १९९९ मध्ये आणि ब्रॉडवेवर २००१ मध्ये आला. त्याला रंगभूमीचं टोनी पारितोषिक मिळालं, आणि टीव्हीवर दाखवल्यावर नृत्यरचनेसाठी टीव्हीचं एमीसुद्धा. दाखवलं होतं पीबीएसनेच. रंगमंचावर पन्नास यार्डांची रेषा नव्हती, त्यामुळे कॅमेऱ्याला कुठे उभं राहायचं हा प्रश्नच पडला नाही.